पानावर कुणी ओढली चांदीची रेघ?

दोस्तांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. घरामागं, शेजाऱ्यांच्या अंगणात किंवा शाळेच्या बागेत लिंबू, संत्रं, मोसंबी यांपैकी एखादं झाड असेलच. (वरूडच्या मुलांना हे सांगायलाच नको. त्यांच्या तर गावाच्या चारी बाजूंना संत्र्याच्या बागा!) त्या झाडाच्या शेंड्यावरचं कोवळं, पोपटी पान शोधा. तोडू नका. नुसतं उन्हाकडं धरून पाहा.

दिसली का रेघ? पांढुरकी, चकचकीत, नागमोडी. गोगलगाय चालून गेल्यावर फरशीवर जशी वाट राहते ना, अगदी तश्शी. बोटानं पुसून पाहा बरं. पुसली जात नाही! कारण ती पानावर नाहीच. ती पानाच्या आत आहे.

आणि रेघेच्या मधोमध पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक काळसर रेष आहे, ती पाहिलीत? ती काय आहे ते थोड्या वेळानं सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही नाक मुरडाल.

ही करामत आहे एका अळीची. शेतकरी तिला 'पानं पोखरणारी अळी' किंवा 'नागअळी' म्हणतात. नागासारखी वळणं घेत जाते म्हणून नागअळी. चावत-बिवत नाही, घाबरू नका. तिचं शास्त्रीय नाव आहे फायलोक्निस्टिस सिट्रेला. जीभ अडखळली तर अडखळू द्या, माझीही अडखळते. हे नाव तिला इंग्लंडच्या स्टेंटन नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं 1856 साली दिलं, आणि ज्या नमुन्यांवरून दिलं ते गेले होते आपल्या कलकत्त्याहून. म्हणजे ही अळी आपल्याच मुलखातली जुनी रहिवासी. संत्रं, लिंबू, मोसंबी, महाळुंग या सगळ्या घराण्यावर ती जगते. त्यांचाच नातलग असलेल्या बेलाच्या पानावरही सापडते.

आता तिची राहायची जागा पाहा. तव्यावर पोळी टम्म फुगते तेव्हा तिचे दोन पापुद्रे सुटतात की नाही? पानालाही असा अगदी पातळ पापुद्रा असतो. ही अळी त्या पापुद्र्याखाली राहते. पापुद्रा पानापासून सुटतो, मध्ये हवा शिरते आणि म्हणून ती वाट चांदीसारखी चमकते. अळीला पाय नसतात. तोंडाशी पात्यासारखे चपटे जबडे असतात. त्यांनी ती पानाच्या पेशी कापते, त्यातला रस पिते आणि पुढं सरकते. घर तेच आणि जेवण तेच! ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, चिमणीची नजर पडत नाही. आणि हो, मघाची काळी रेष म्हणजे तिची शी. खाल्लं की मागं टाकलं आणि पुढं चालू पडली. सांगितलं होतं ना, नाक मुरडाल म्हणून!

अळीची आई म्हणजे एक इवलासा पतंग. बसलेला असताना तो संक्रांतीच्या तिळगुळातल्या तिळाएवढासुद्धा भरत नाही. चंदेरी पांढरे पंख, त्यांवर तपकिरी रेषा आणि प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका. दिवसा हा पतंग दडून बसतो, संध्याकाळी आणि पहाटे उडतो. म्हणूनच संत्र्याच्या बागेत जन्म काढलेल्या कित्येकांनी त्याला कधी पाहिलेलं नसतं. मादी कोवळ्या पानाखाली, बहुधा मधल्या शिरेजवळ, एकेक करून अंडी घालते. अंडं म्हणजे जणू पाण्याचा बारीकसा थेंब. भिंगाशिवाय दिसायचं नाही. दोन-चार दिवसांत अंडं फुटतं आणि अळी थेट पानातच शिरते. जगाचं तोंडही पाहत नाही! आठवडाभर किंवा थोडे जास्त दिवस ती आत भटकते, मग पानाच्या कडेशी येते, रेशमाच्या धाग्यानं ती कड आपल्याभोवती दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा खेळ पुरा. थंडीत याहून जास्त दिवस लागतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी हकिगत तिच्यावर उभी आहे. या अळीला फक्त कोवळं पान लागतं. पान जून झालं, जाड आणि गडद हिरवं झालं की त्यात तिला शिरता येत नाही. झाडाला जी नवी कोवळी पालवी फुटते तिला आपल्या भागात 'नवती' म्हणतात. नवती आली की पतंग आला. नवती जून झाली की त्याचं दुकान बंद.

माझे मामा वरूडजवळच्या एका खेड्यात राहतात. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. वरूड आणि मोर्शी या तालुक्यांना लोक 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणतात ते संत्र्यांमुळं. मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या सुटीत मी मामांकडं गेलो होतो. मामांनी दोन वर्षांपूर्वी चारशे नवी झाडं लावली होती. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. झाडं माझ्या कमरेएवढी. संत्रं लागायला अजून दोन-तीन वर्षं होती, म्हणजे तोवर नुसता खर्च.

आम्ही बागेत गेलो आणि मामा एकदम गप्प झाले. पावसानं फुटलेल्या नव्या पालवीवर जिकडंतिकडं चांदीच्या रेघा. पानं वाकडीतिकडी, कडा दुमडलेल्या. काही शेंडे तर मुठी आवळल्यासारखे दिसत होते. मामा त्याच दिवशी तालुक्याला गेले आणि औषधाची बाटली घेऊन आले. फवारणी केली. आठ दिवसांनी पाहिलं तर रेघा तशाच! दुसरं औषध आणलं. फवारलं. रेघा तशाच! तिसऱ्यांदा पंप पाठीवर घेतला तेव्हा मी सुटी संपवून घरी परतलो होतो, पण पुढचं मामेभावानं दिवाळीत सांगितलं. आबाजी, म्हणजे माझ्या आईचे वडील, काठी टेकत बागेत आले. त्यांनी एक वाकडं झालेलं पान तोडलं, नखानं कडेची घडी उघडली आणि मामांपुढं धरलं. आत काही नव्हतं. कोषाचं रिकामं साल तेवढं होतं.

"हे पाय," आबाजी म्हणाले, "चोर पयाला अन् तू फाटकाले कुलूप लावून राह्यला! रेघ पुसासाठी फवारा म्हंजे का खोडरब्बर हाय?"

मामेभाऊ हे सांगताना पोट धरून हसत होता. मामा मात्र हसत नव्हते, कारण तीन फवारण्यांचे पैसे तर गेलेच होते आणि त्या झाडांवर लाल कोळी वाढले होते. कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा टाचणीच्या टोकाएवढा जीव. या कोळ्यांना खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवणारे दुसरे बारीक कीटक बागेत असतात. तेच औषधानं मेले. चोर सुटला आणि पोलीसच तुरुंगात, असा प्रकार!

आबाजींचं म्हणणं तुम्हीही पडताळून पाहू शकता. रेघ असलेलं पान उन्हाकडं धरा. रेघेच्या रुंद टोकाशी पिवळट हिरवी, जेमतेम तीन मिलिमीटरची अळी दिसली तर घर भरलेलं आहे. रेघ कोरडी, फाटलेली, तपकिरी पडलेली असेल, कडेची घडी उघडी असेल, तर पाहुणा जेवून निघून गेलाय. त्या पानावर आता सोनं शिंपडलं तरी उपयोग नाही. आणि अळी आत जिवंत असली तरी साधं, वरवर बसणारं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पापुद्रा म्हणजे तिची छत्रीच ना!

मग ही रेघ दिसली की झाड मरतं का? नाही. हेच नीट समजून घ्यायला हवं. दहा-पंधरा वर्षांच्या, डेरेदार, फळं देणाऱ्या झाडाला हजारो पानं असतात. त्यातली शे-दोनशे वाकडी झाली तरी झाडाला त्याचं काही वाटत नाही. वाकडं पानही उरलेल्या हिरव्या भागातून अन्न तयार करतच असतं. म्हणून मोठ्या झाडावरची रेघाळलेली पानं सरसकट ओरबाडून टाकू नका. उलट तशानं झाड पुन्हा नवती काढतं, आणि नवती म्हणजे पतंगाला जेवणाचं आमंत्रण.

पण छोटं झाड? त्याचं गणित वेगळं. वरूड तालुक्यात शेंदुरजना घाट नावाचं गाव आहे. संत्र्याच्या पन्हेरीसाठी म्हणजे रोपवाटिकेसाठी ते नावाजलेलं. तिकडं आधी जंबेरीचं बी लावतात. जंबेरी म्हणजे जाड सालीचं, रानटी लिंबू. त्याची मुळं दणकट. त्याचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटतो, कोंब वर येतो आणि कलम तयार होतं. या कोवळ्या कोंबावर पानं किती, तर आठ-दहा. आणि सगळी कोवळी! त्यातली सहा अळीनं पोखरली तर कलमानं जेवायचं काय? वाढ खुंटते, शेंडा वाळतो आणि विकत घ्यायला आलेला शेतकरी ते कलम बाजूला सारतो. लावून वर्ष-दोन वर्षंच झालेल्या बागेचंही असंच. चारशे झाडं पाहून मामा गप्प झाले होते ते उगीच नव्हे.

दुसरा धोका रेघेपेक्षा मोठा. पापुद्रा सुटला की पानाला जखम होते, आणि उघड्या जखमेत काय शिरतं ते तुम्हाला माहीत आहे: जंतू. लिंबाच्या घराण्याला 'खैऱ्या' नावाचा जीवाणूंचा रोग होतो. पानांवर, फांद्यांवर, फळांवर खरखरीत, उंचवट्यासारखे तपकिरी डाग पडतात, पानावर त्यांच्याभोवती पिवळी कडा असते. हे जीवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि अळीनं केलेली जखम सापडली की त्यांना आयतंच दार उघडं मिळतं. संत्र्याला खैऱ्या तितकासा छळत नाही. कागदी लिंबाला मात्र फार. अकोल्याकडं कागदी लिंबाच्या बागा आहेत, त्या मुलांनी रेघेबरोबर हे डागही तपासावेत. पावसाळ्यात लिंबाच्या शेंड्यावर रेघ आणि डाग दोन्ही एकत्र दिसले तर घरच्यांना लगेच सांगा. अशा फांद्या छाटून जाळतात आणि बोर्डो मिश्रण फवारतात. ते मोरचूद आणि चुना यांचं असतं. ते मोठ्यांचं काम.

एक गफलत होते ती इथंच सांगून टाकतो. परसातल्या टोमॅटोच्या, वालाच्या पानांवरही अशाच पांढऱ्या रेघोट्या दिसतात आणि तिलाही लोक नागअळीच म्हणतात. पण ती वेगळी! ती एका बारीक माशीची अळी. ती माशी अमेरिकेकडून आली आणि भारतात 1990च्या सुमारास पहिल्यांदा आढळली. लिंबावरची पतंगाची, टोमॅटोवरची माशीची. आणि लिंबाचं पान कडेनं कुरतडून खाणारी, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवीगार होणारी अळी ही तिसरीच. तिचं पुढं पिवळं-काळं सुंदर फुलपाखरू होतं. तिघींना एकच शिक्षा नको, बरं का!

तर मग उपाय काय? आबाजींनी दुसऱ्या वर्षी जो केला तोच सांगतो. त्यांनी आम्हा पोरांना कामाला लावलं.

"पोट्टेहो, दिवसभर बोरं खात हिंडता, थोडे डोळे बी वापरा," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हातात लाल दोरा दिला. बागेत इकडंतिकडं मिळून दहा झाडं निवडायची. प्रत्येकाच्या एका नव्या कोंबाला दोरा बांधायचा. दर तीन-चार दिवसांनी जायचं, त्या कोंबावरची कोवळी पानं मोजायची, त्यातल्या किती पानांत जिवंत अळी आहे ते भिंगातून पाहायचं आणि वहीत लिहायचं. रिकामी घरं मोजायची नाहीत. माझ्या पहिल्या दिवशीच्या नोंदीत बावन्न पानांत दोन अळ्या होत्या. आठवड्यानं तेवढ्याच पानांत अकरा. मामांनी वही पाहिली आणि त्याच संध्याकाळी निंबोळीच्या अर्काचा पहिला फवारा दिला. या वेळी चोर घरात असताना!

निंबोळीचा अर्क कसा करतात ते पाहा. आपल्याकडं उन्हाळा संपता संपता कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकून खाली पडतात. त्या वेचायच्या, गर काढून सावलीत वाळवायच्या आणि कोरड्या जागी ठेवायच्या. लागतील तेव्हा कुटायच्या. पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची आणि त्यात पाणी घालून शंभर लिटर करायचं. थोडा साबण विरघळवून घालायचा, म्हणजे द्रावण पानाला चिकटतं. झाला पाच टक्के अर्क. अंगणातल्या एका लिंबासाठी शंभर लिटर कशाला? पन्नास ग्रॅम निंबोळी आणि एक लिटर पाणी पुरे. अर्क ताजाच वापरायचा, आणि फवारायचा तो ऊन उतरल्यावर. कडक उन्हात त्याचा गुण लवकर नाहीसा होतो. या कडू वासानं पतंगाची मादी अंडी घालायला बिचकते आणि नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांची वाढ थांबते. मोठी झालेली अळी मात्र त्याला फारशी जुमानत नाही. म्हणून नवती बोटभर असतानाच पहिला फवारा आणि आठ-दहा दिवसांनी दुसरा. उशीर झाला की आबाजींचं खोडरब्बर आठवायचं!

फवाऱ्याशिवायही पुष्कळ करता येतं, आणि मला विचाराल तर तेच जास्त महत्त्वाचं. वरूडकडचे शेतकरी आंबिया बहार घेण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताण संपवून पाणी दिलं की फेब्रुवारीच्या सुमारास सगळ्या बागेला एकदम नवती आणि फुलं येतात. दुसरा मृग बहार, तो पावसाच्या सुरुवातीला. आता विचार करा. सगळी नवती एकदम आली आणि एकदम जून झाली तर पतंगाच्या पुढच्या पिढीला कोवळं पान मिळणार कुठं? उपाशीच राहायची पाळी! पण पाणी कधी दिलं, कधी नाही, युरिया ओंजळीनं टाकला, असं केलं की झाड आज इथून फुटतं, उद्या तिथून. मग पतंगाला बारा महिने पंगत. खोडावर सरळ वर जाणारे जाडजूड, रसरशीत फुटवे येतात, त्यांना पानसोट म्हणतात. त्यांना फळ येत नाही, नुसती कोवळी पानं. ते दिसले की काढून टाकायचे. आणि पन्हेरीतल्या इवल्या रोपांवरची अळी असलेली पानं खुडून नष्ट करायची. तिथं रोपं हाताशी असतात, त्यामुळं हे जमतं. चारशे झाडांच्या बागेत जमत नाही, आम्ही करून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी बोटं हिरवी आणि पाठ मोडलेली.

शिवाय बागेत आपले मित्र असतातच. जाळ्यातला कोळी, ज्याला आपण झाडूनं हाकलतो, तो पतंग पकडतो. हिरव्या, जाळीदार पंखांच्या क्रायसोपा किड्याची पिल्लं अळ्या फस्त करतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे सूक्ष्म गांधीलमाश्या. माणसाला डंख मारणाऱ्या नव्हेत, मुंगीहूनही लहान. त्या नागअळीच्या घरात आपलं अंडं घालतात आणि त्यांची पिल्लं नागअळीला खाऊन वाढतात. कधी पानाची घडी उघडली आणि आत पतंगाच्या कोषाऐवजी भलतेच बारीक कोष दिसले, तर समजा मित्र आधीच येऊन गेलाय. ते पान तसंच राहू द्या.

या मित्रांची किंमत अमेरिकेतल्या लोकांना फार महागात कळली. 1993च्या मे महिन्यात फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला, होमस्टेडजवळ ही आपली नागअळी पहिल्यांदा दिसली. फ्लोरिडा म्हणजे संत्र्यांचा प्रचंड मुलूख. जेमतेम वर्षभरात ती जवळजवळ सगळ्या राज्यात पसरली. का? अळी समुद्रापार पोचली, पण तिला खाणाऱ्या खास गांधीलमाश्या मागंच राहिल्या! मग शास्त्रज्ञांनी 1994 साली ऑस्ट्रेलियातून एक सूक्ष्म गांधीलमाशी मुद्दाम नेली. ती ऑस्ट्रेलियानंही थायलंडमधून आणली होती. तिची गंमत अशी की तिच्या एका अंड्यातून एक नव्हे तर बरीच पिल्लं होतात. जुळी, तिळी, त्याहूनही जास्त! ती तिथं चांगली रुजली. पण 1995 साली फ्लोरिडात खैऱ्या रोगही पुन्हा सापडला आणि अळीच्या जखमांतून तो आणखीच सोपेपणानं शिरू लागला. रोग थांबवण्यासाठी सरकारनं लाखो झाडं तोडली. काही लोकांच्या अंगणातली एकुलती एक झाडंही गेली. अखेर 2006 साली ती मोहीम सोडून द्यावी लागली.

आपल्याकडं या सगळ्याचा अभ्यास कोण करतं? नागपूरला 1985 साली लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, तेच आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, ते 1969पासूनचं. पानाचा नमुना घेऊन घरच्या मोठ्यांबरोबर कृषी विभागात किंवा विद्यापीठात गेलं तर कीड कोणती ते ओळखून सांगतात. दुकानात जाऊन "काहीतरी जालीम द्या" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता रासायनिक औषधांबद्दल. कधी कधी ती लागतात, हे खरंच. पन्हेरीत कीड फार वाढली तर झाडाच्या रसात भिनणारं, म्हणजे आंतरप्रवाही कीटकनाशक तज्ज्ञांच्या सल्ल्यानं वापरतात. पण झाडावर फुलं असताना मधमाश्या येतात, तेव्हा ते नको. आणि तुम्ही मुलांनी पंपाला, बाटलीला, रिकाम्या डब्यालासुद्धा हात लावायचा नाही. फवारणी चालू असताना बागेत जायचं नाही. 2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. मोठी माणसं होती ती, वर्षानुवर्षं फवारणी केलेली. बाबा किंवा काका पंप उचलतील तेव्हा हातमोजे आणि तोंडाला मास्क आहे का ते विचारा. रागावले तरी विचारा.

मामांच्या चारशे झाडांपैकी पहिल्या वर्षी खुंटलेली तीसेक झाडं पुढंही खुरटीच राहिली. त्यातली काही काढावी लागली. बाकीच्यांनी चौथ्या वर्षी फळ धरलं. पहिल्या तोडणीला मी गेलो होतो. आबाजींनी एक संत्रं सोलून अर्धं मला, अर्धं मामेभावाला दिलं. जरा आंबटच होतं, पण सांगणार कोण!

माझी ती पानं मोजायची वही अजून माझ्याकडं आहे. तिच्यात एक रेघाळलेलं पान दाबून ठेवलेलं आहे, पार वाळून गेलंय, पण रेघ शाबूत आहे. उगीच कचरा जमवतोस, असं आई म्हणायची. पण युरोपातली एक गोष्ट ऐका. तिकडच्या हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडावर अशीच एक पानं पोखरणारी अळी आहे. शास्त्रज्ञांना ती 1980नंतर ओह्रिड सरोवराच्या परिसरात सापडली. ती कुठून आली याचा पत्ता लागेना. मग काहींनी जुन्या संग्रहालयांत दाबून ठेवलेली पानं एकेक करून तपासली. 1879 साली ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानांत त्यांना रेघा सापडल्या, आणि त्या रेघांत सुकलेल्या अळ्यासुद्धा! म्हणजे शास्त्रज्ञांना पत्ता लागण्याच्या शंभर वर्षं आधीपासून अळी तिथं होती. ज्यानं पानं दाबून ठेवली त्याला तिचा गंधही नव्हता. त्यानं फक्त पानं जपली आणि सोबत तारीख आणि जागा लिहून ठेवली.

तेव्हा या रविवारी लिंबाचं किंवा संत्र्याचं एक रेघाळलेलं पान घ्या. आधी भिंगातून पाहा, अळी आहे की घर रिकामं ते ठरवा. मग दोन जुन्या वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तक ठेवा. कागद दोन-तीनदा बदला. आठ दिवसांत पान वाळेल. वहीत चिकटवा आणि खाली लिहा: कोणतं झाड, कुणाचं अंगण, कोणतं गाव, कोणती तारीख, आणि आत कुणी होतं का.